रोल्स-रॉईसचा इतिहास अभ्यासायचा कसा?

रोल्स-रॉईस ही ब्रिटिश कंपनी की जर्मन, या प्रश्नावर दोन जाणकार तासभर वाद घालू शकतात आणि दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. गाडीवरचे नाव, ती बनवणारा कारखाना आणि त्या कारखान्याचा मालक या तीन गोष्टी येथे बराच काळ एकत्र नांदल्या आणि पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. म्हणून हा इतिहास वाचायला बसताना वहीच्या एका पानावर नाव, कारखाना आणि मालक असे तीन रकाने आखावेत आणि हाती लागलेली नोंद यांपैकी कोणत्या रकान्यात बसते, हे ठरवल्याशिवाय ती लिहू नये.

पहिली अडचण स्थापनेच्या वर्षाचीच येते. कोठे १९०४ दिलेले असते, तर कोठे १९०६, आणि यांपैकी एक छपाईची चूक असावी असे वाटते; पण तसे नाही. मँचेस्टरमध्ये विजेची उपकरणे बनवणाऱ्या हेन्री रॉईस यांनी विकत घेतलेली जुनी फ्रेंच गाडी त्यांच्या मनास उतरली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच दोन सिलिंडरची, दहा अश्वशक्तीची गाडी बनवली आणि ती एप्रिल १९०४ मध्ये रस्त्यावर आणली. लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारे चार्ल्स रोल्स त्यांना ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात भेटले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांत करार झाला आणि रोल्स-रॉईस लिमिटेड ही कंपनी मात्र मार्च १९०६ मध्ये नोंदली गेली. तेव्हा कोणतेही वर्ष वाचले की ते भेटीचे, कराराचे की नोंदणीचे, एवढे विचारावे. या दोन नावांच्या सावलीत क्लॉड जॉन्सन झाकले जातात, हे मला नेहमी खटकते. कंपनीचा व्यवहार आणि तिची कीर्ती सांभाळणाऱ्या या माणसाला दोन नावांमधली जोडरेघ म्हणत असत. रोल्स १९१० मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी बोर्नमथ येथे विमान अपघातात गेले, हे लक्षात घेतले तर जॉन्सन यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी सवय लावून घ्यायची ती आकडे ताडून पाहण्याची. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मुळात एकाच गाडीचे. ४०/५० अश्वशक्तीच्या मॉडेलमधील ६०५५१ क्रमांकाची, ‘एएक्स २०१’ या पाटीची आणि रुपेरी रंगाची ती गाडी जॉन्सन यांनी १९०७ मध्ये चाचणीसाठी काढली. संपूर्ण मॉडेलला लोक हे नाव नंतर देऊ लागले. त्या चाचणीविषयी एका ठिकाणी १५,००० मैल आणि दुसऱ्या ठिकाणी १४,३७१ मैल असे आकडे आढळतात. येथे कोणाला खोटे ठरवण्याआधी वजाबाकी करावी. उत्तर ६२९ येते, आणि ६२९ मैलांवर नेमके काय घडले ते शोधले की गुंता सुटतो: रस्त्याच्या हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. तोटी उघडल्यावर ती पुन्हा निघाली आणि उरलेले १४,३७१ मैल तिने एकदाही नाइलाजाने न थांबता पार केले. एक आकडा एकूण अंतराचा आहे आणि दुसरा अखंड धावेचा.

तिसरी गोष्ट छायाचित्रे पाहताना उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांबाबत रोल्स-रॉईसने आजच्या अर्थाने पूर्ण मोटार विकलीच नाही. कंपनी इंजिन, चाके आणि रेडिएटर बसवलेली चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, देई, आणि गिऱ्हाईक ती बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड यांसारख्या कोचबिल्डरांकडे नेऊन आपल्या आवडीची बॉडी चढवून घेई. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारीशेजारी ठेवल्या तर समोरची जाळी सोडून त्यांत काहीच साम्य दिसत नाही, असेही होते. शिवाय जुनी बॉडी उतरवून नवी चढवण्याची पद्धत होती, त्यामुळे चॅसिसचे वय आणि बॉडीचे वय वेगवेगळे असू शकते; चॅसिस क्रमांक, मूळ कोचबिल्डर आणि आताची बॉडी या तीन बाबी स्वतंत्रपणे टिपाव्यात. कारखान्यातच बॉडी बसवलेली पहिली रोल्स-रॉईस म्हणजे १९४९ ची सिल्व्हर डॉन, आणि वेगळी चॅसिस टाकून देऊन एकसंध सांगाड्यावर बांधलेली पहिली म्हणजे १९६५ ची सिल्व्हर शॅडो.

हेच चॅसिस क्रमांक दंतकथा तपासण्यासही कामी येतात. लंडनच्या दुकानात अपमान झाल्यामुळे एका महाराजांनी गाड्या विकत घेऊन त्या कचरा उचलायला लावल्या, ही गोष्ट कोणी अलवरच्या नावावर सांगतो, कोणी पतियाळाच्या, तर कोणी हैदराबादच्या. नायक असा बदलत राहिला की संशय घ्यावा आणि वर्ष कोणते, गाड्यांचे क्रमांक कोणते, ही नोंद त्या काळी कोणी लिहून ठेवली, हे तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक चॅसिसची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत या प्रश्नांना उत्तर मिळत नसेल, तर ती गोष्ट इतिहासाच्या वहीत न लिहिता वेगळ्या पानावर ठेवावी. बोधचिन्हातील लाल अक्षरे १९३३ मध्ये रॉईस वारले म्हणून शोकाने काळी झाली, ही कथाही त्याच पानावर जाईल. रंग बदलण्याचा निर्णय त्यांच्या हयातीतच झाला होता, कारण लाल अक्षरे गाडीच्या रंगाशी विजोड दिसतात अशी काही गिऱ्हाइकांची तक्रार होती.

आता ते तीन रकाने भरायला घ्यावेत. कारखान्याचा रकाना तुलनेने सोपा आहे: मँचेस्टरनंतर १९०८ मध्ये डर्बी, आणि विमानांच्या इंजिनांसाठी उभारलेल्या क्रू येथील कारखान्यात १९४६ पासून मोटारी. नाव आणि मालक हे रकाने १९७१ पर्यंत जवळजवळ रिकामे राहतात. १९३१ मध्ये बेंटली ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, एवढी नोंद पुरे. मोटारींबरोबर विमानांची इंजिनेही बनवणारी ही कंपनी आरबी २११ या विमान इंजिनाच्या खर्चाने फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि माझ्या मते या इतिहासाचा खरा सांधा येथे आहे. मोटारींचा धंदा बुडाला नव्हता, बुडाला होता तो इंजिनांचा. सरकारने इंजिनांचा भाग ताब्यात घेतला, मोटारींचा भाग वेगळा होऊन १९७३ मध्ये भागधारकांना विकला गेला आणि १९८० मध्ये तो व्हिकर्स या कंपनीकडे गेला. पण रोल्स-रॉईस या नावाचा हक्क इंजिनवाल्यांकडेच राहिला.

ही एक नोंद सुटली की १९९८ चा व्यवहार कळत नाही. त्या वर्षी फोक्सवॅगनने बीएमडब्ल्यूवर मात करून ४३ कोटी पौंडांना व्हिकर्सकडून क्रूचा कारखाना, बेंटली, बॉनेटवरची ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ ही मूर्ती आणि जाळीचा आकार हे सारे घेतले; आणि नाव मात्र इंजिन कंपनीने बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांत दिले. विमानांच्या इंजिनांत या दोघांची आधीपासून भागीदारी होती, शिवाय क्रूला मोटारींची इंजिनेही बीएमडब्ल्यूच पुरवत होती, त्यामुळे फोक्सवॅगनला तडजोड करावी लागली. २००२ अखेरपर्यंत रोल्स-रॉईस क्रूमध्येच बनत राहिली आणि १ जानेवारी २००३ पासून मूर्ती आणि जाळीसह ते नाव गुडवुड येथे बीएमडब्ल्यूने उभारलेल्या नव्या कारखान्यात गेले. म्हणजे त्या तारखेच्या ओळीत नावाच्या रकान्यात जुनी, कारखान्याच्या रकान्यात कोरी करकरीत आणि मालकाच्या रकान्यात जर्मन अशी नोंद येते, तर जुना कारखाना बेंटलीच्या पानावर जातो.

लंडनच्या शेअर बाजारात रोल्स-रॉईसचा भाव चढला किंवा उतरला, अशी बातमी वाचनात आली तर ती या वहीत घेऊ नये. तो भाव डर्बीच्या विमान-इंजिन कंपनीचा असतो.