खांद्याचा टेंडन अर्धवट फाटलाय? ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी रिपोर्ट असा वाचा

एमआरआयमध्ये 'पार्शल टिअर' (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, अर्धवट फाटलेली) दिसलं की घरात लगेच ऑपरेशनच्या गप्पा सुरू होतात. थांबा जरा. आधी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा, फाटलंय कुठल्या बाजूने आणि किती खोल.

बहुतेक वेळा फाटतो तो सुप्रास्पायनेटस, म्हणजे खांद्याच्या वरच्या बाजूचा टेंडन, हाडाला चिकटतो तिथे साधारण 12 मिमी जाड. 3 मिमीपेक्षा कमी फाटला तर ग्रेड 1, 3 ते 6 मिमी ग्रेड 2, आणि 6 च्या वर म्हणजे निम्म्याहून जास्त गेला की ग्रेड 3. बाजू म्हणजे सांध्याकडून (आर्टिक्युलर), वरून (बर्सल) किंवा टेंडनच्या आतल्या आत. वरून फाटलेला जास्त दुखतो असं बरेच सर्जन सांगतात आणि तो शिवायची घाईही थोडी जास्त असते.

तरी पहिले किमान 3 महिने नीट फिजिओ करायचाच, नीट म्हणजे रोज, यूट्यूब बघून दोन दिवस नाही. पडल्यावर अचानक हात वर उचलताच येईना तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच दाखवा.

एवढं करूनही रात्रीची झोप उडतेय, मग ऑपरेशन. ते बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच होतं. निम्म्यापेक्षा कमी फाटला असेल तर नुसते विस्कटलेले धागे साफ करतात, याला डिब्राइडमेंट म्हणतात, टाके नाहीत, स्लिंगही (हात गळ्यात अडकवायची पट्टी) थोडेच दिवस. सोबत 'वरचं हाड घासून देतो' म्हणाले तर का ते विचाराच, कारण 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या ब्रिटिश ट्रायलमध्ये टेंडन पूर्ण फाटलेला नसलेल्या लोकांत हाड घासणं आणि नुसतं दुर्बिणीने बघणं यात म्हणण्यासारखा फरक दिसला नव्हता.

निम्म्याहून जास्त फाटला तर शिवायचा, आणि खरा प्रश्न इथेच येतो. एक, चांगले धागे तसेच ठेवून त्यांच्यातूनच हाडात अँकर (टाक्याचा धागा धरून ठेवणारी छोटी खुंटी) बसवायचा, याला ट्रान्सटेंडन म्हणतात. दोन, उरलेला भागही सोडवून टिअर पूर्ण करायची आणि मग सगळंच नव्याने शिवायचं. दुसरं ऐकून पोटात गोळा येतो (चांगलं ते का कापायचं?) पण दोन्हींचे रिझल्ट पुढे जाऊन साधारण सारखेच येतात, ट्रान्सटेंडनमध्ये सुरुवातीला दुखणं आणि जखडणं जास्त होऊ शकतं एवढंच. माझं मत विचाराल तर तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसलाय तेच करून घ्या. टेंडनवर बसवायचा कोलाजेन पॅच हा नवा प्रकार आहे, महाग आहे, इन्शुरन्स देतो का ते आधीच विचारा. बायसेप्सचा टेंडनही खराब निघाला तर त्याचं काय करणार हे कन्सेंटवर सही करण्याआधी बोलून घ्या, आत गेल्यावर तुम्हाला कोण विचारणार.

शिवलं की स्लिंग 4 ते 6 आठवडे, मग स्वतःहून हात हलवणं, ताकदीचे व्यायाम साधारण 12 आठवड्यांनंतर, आणि बॅडमिंटन किंवा डोक्यावरून बोलिंग वगैरे 6 महिन्यांच्या आसपास, तेही सर्जनने सोडलं तर. शुगर असेल तर खांदा जखडायचा धोका जास्त, ती आधी आटोक्यात आणा. सिगारेटने टेंडन उशिरा भरतो. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर ते सर्जनला तारखेसकट सांगा, कारण ऑपरेशनच्या महिनाभर आधी घेतलेल्या इंजेक्शनने इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि मग ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी लागते.