जळता उपग्रह ओळखायचा कसा आणि त्याची राख मोजायची कशी

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळचे पावणेआठ वाजले असतील. गच्चीवर उभा होतो, तर आभाळातून पेटत्या फुलबाज्यांची रांगच्या रांग सरकत गेली. खालून शेजारच्या काकांनी हाक मारली, "सर, विमान पडलं का जी?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी माझ्या तोंडून निघालं, "उल्का आहे!" साफ चूक. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडोवेल यांच्या मते तो फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी चँग झेंग 3बी रॉकेटचा टप्पा होता. त्याचं भलंमोठं धातूचं कडं आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत पडलं. आणि मला घड्याळ बघायचंही सुचलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम, सेकंद मोजा. उल्का सेकंदाला कमीत कमी 11 किलोमीटर वेगाने घुसते, बहुतेक तर त्याहून कितीतरी जास्त. एक-दोन सेकंदांत खेळ खलास. कक्षेतून उतरणारी वस्तू सेकंदाला आठेक किलोमीटरने, जवळजवळ आडवी येते. ती अर्धा मिनिट, कधी मिनिटभरही दिसते आणि तिचे तुकडे एकामागोमाग एकाच वाटेने चालतात. स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची, माळ दिसली तर गोंधळू नका, ती जळत नसते, उन्हात चमकत असते.

मोबाईलवर व्हिडिओ घ्या, पण चौकटीत पाण्याची टाकी, झाड, काहीतरी येऊ द्या. नुसत्या काळ्या आभाळातल्या ठिपक्यांवरून दिशा काढता येत नाही. उंचीसाठी हात ताठ करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश.

दुसऱ्या दिवशी नाव शोधा. एअरोस्पेस कॉर्पोरेशन या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर खाली येणाऱ्या वस्तूंची यादी असते. तारीख, वेळ जुळवताना एक लक्षात ठेवा, तिथली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपली साडेपाच तास पुढे.

आता राख. "वातावरणात जळून गेला" असं बातमीत छापतात तेव्हा मला फुलबाजी आठवते. तिच्यातल्या पांढऱ्या ठिणग्या बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या भुकटीच्या असतात. विझल्यावर ते ॲल्युमिनियम कुठे जात नाही, उलट जड होतं, कारण जळताना ते ऑक्सिजन पकडतं. 54 किलो ॲल्युमिनियम आणि 48 किलो ऑक्सिजन मिळून 102 किलो ॲल्युमिनियम ऑक्साइड. दहावीचं रसायनशास्त्र, बाकी काही नाही.

उपग्रहाचं सगळं ॲल्युमिनियम बारीक भुकटी होत नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये हिशेब मांडला, की 250 किलोच्या उपग्रहातून सुमारे 30 किलो अतिसूक्ष्म भुकटी सुटते. म्हणजे साधं त्रैराशिक. वजनाला 250 ने भागा, 30 ने गुणा. सुरुवातीचा स्टारलिंक 260 किलोच्या आसपास, म्हणजे 31 किलो. आयुष्य पाच वर्षांचं धरलेलं, असे हजारो वर आहेत आणि सगळे आळीपाळीने खाली यायचे आहेत. रॉकेटच्या टप्प्याला मात्र हा भागाकार लावू नका, त्याची बनावट वेगळी.

त्याच हिशेबात 2022 मध्ये जळलेल्या उपग्रहांची भुकटी 17 टन निघाली. ठरलेले उपग्रहांचे सगळे ताफे वर गेले तर वर्षाला 360 टन. ही भुकटी ओझोनच्या थरापर्यंत उतरायला 30 वर्षंही घेऊ शकते. तिथे तिच्या पृष्ठभागावर क्लोरीनच्या ओझोन खाणाऱ्या अभिक्रिया होतात आणि भुकटी स्वतः खर्च होत नाही, पुढच्या फेरीला तयारच.

पण गच्चीवर कुणी "ओझोनला भोक पडलं" म्हणालं तर थांबवा. 17 टन हा गणितातून आलेला आकडा आहे. हातात आलेला पुरावा वेगळा. 2023 मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी अलास्कातून उडालेल्या नासाच्या विमानाने सुमारे 19 किलोमीटर उंचीवरचे कण तपासले. सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी जवळपास 10 टक्क्यांत उपग्रह-रॉकेटांचे धातू निघाले. नायोबियम आणि हाफ्नियमसुद्धा, जे उल्कांच्या धुळीत एवढं नसतंच.

आणि वावरात काही पडलेलं सापडलंच, तर हात लावू नका, भंगारवाल्याला तर मुळीच बोलावू नका. टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. पोरांना आणि गुरांना लांब ठेवा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून फोटो काढा, पोलीस पाटलाला कळवा. लाडबोरीचं कडंही पोलीस ठाण्यातच नेलं होतं.