‘उपासमारीमुळे क्रांती झाली’ असं लिहिण्याआधी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बीएची मुलं इतिहास शिकायला येतात. राजेशाही का कोसळली, असा प्रश्न आला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: महागाई वाढली, जनता संतापली, राजा गेला. महागाई कुठे नसते? तिच्यावरून उत्तर कसं बांधायचं, ते मी शिकवते तसंच सांगते.

फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरुवात करू. आधी भाव शोधा, पण एकटा भाव लिहू नका. शेजारी मजुरी मांडा. फेब्रुवारी १७८९ मध्ये पॅरिसात चार पौंडी पाव साडेचौदा सूला (सू हे तिथलं नाणं) गेला होता. आदल्या उन्हाळ्यात तो आठ-नऊ सूला मिळत असे. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू, आणि चार माणसांच्या घराला रोज असे दोन पाव लागत. दोन पावांचे झाले एकोणतीस सू. भाडं, सरपण, मीठ कशातून भागवायचं? हे गणित वहीत स्वतःच्या हाताने करा, मग ‘जनता उपाशी होती’ हे वाक्य लिहायची गरज उरत नाही. जुलै १७८८ ची गारपीट आणि त्यानंतरचा कडाक्याचा हिवाळा एका ओळीत उरका.

मग सरकारी तिजोरी बघा. १७८८ मध्ये फ्रेंच राज्याच्या खर्चातला निम्म्याच्या आसपास पैसा कर्ज फेडण्यात जात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ओतलेला पैसा त्या कर्जात होता. ‘टाय’ हा मुख्य कर धर्मगुरू आणि बहुतेक सरदारांना माफ, म्हणजे बोजा शेतकऱ्यावर. अखेर पैसा उभा करण्यासाठी राजाला १६१४ नंतर प्रथमच धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता अशा तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली. ती मे १७८९ मध्ये भरली, पाव महाग असतानाच. भुकेने माणसं रस्त्यावर आणली. त्यांची गाऱ्हाणी राजासमोर मांडायची जागा मिळाली ती दिवाळखोरीमुळे. उत्तरात हा सांधा दिसलाच पाहिजे.

यानंतरची पायरी मुलं टाळतात, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. भूक होती पण राज्य टिकलं, असं उदाहरण घ्या. त्यासाठी आपल्याला बडोद्याबाहेर जावं लागत नाही. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनियो दुष्काळ. आमच्या शेजारच्या बा ताटात अन्न टाकणाऱ्या नातवाला अजून छप्पनियोची आठवण देतात. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानाची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. एवढं होऊनही गायकवाडांची गादी हलली नाही. एक तर उपाशी माणूस आधी दाणा-पाणी शोधतो, गाव सोडतो. दरबारावर चाल करून जाण्याइतकं त्राण त्याच्यात नसतं. दुसरं, गादीवर कोण बसणार हे इंग्रजांच्या हातात होतं. १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं ते इंग्रजांनी, रयतेने नव्हे. अशा राजाविरुद्ध उठलं, तरी पुढे इंग्रजांची फौज उभी.

म्हणून शेवटी फौजेकडे या. १९१७ चं पेट्रोग्राड, म्हणजे तेव्हाची रशियाची राजधानी घ्या, तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या. २३ फेब्रुवारीला कापड गिरण्यांतल्या बायका भाकरी मागत बाहेर पडल्या. २६ ला सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. २७ ला व्होलिन्स्की रेजिमेंट ही झारचीच पलटण त्याच्यावर उलटली, मागोमाग इतर पलटणी. २ मार्चला झारने गादी सोडली. या तारखा एकाखाली एक मांडा आणि शेजारी १८९१-९२ चा रशियन दुष्काळ ठेवा. तेव्हाही लाखो माणसं मेली, पण फौज झारच्या बाजूने होती आणि झारशाही टिकली.

दहा गुणांच्या उत्तरात हे सगळं मावत नाही. जागा कमी पडली तर गारपीट आणि हिवाळा खुशाल गाळा. मजुरीचं गणित आणि छप्पनियो मात्र ठेवा.