फौजी घरातल्या आज्जीची आठवण नीट जपायची तर काय काय करायचं

आपल्याकडं म्हातारी गेली की चौकात बॅनर लागतो, त्याच्यावर "कै. सुभेदार अमक्यांच्या पत्नी", आणि संपला विषय. आजोबांची मेडलं शोकेसमधी असतात, पण जिनं मागं शेत, सासू-सासरे, लेकरं सगळं बघून वर हातानं एवढं शिवलं-विणलं तिचं काय, तर एक हार घातलेला फोटो. मला हे पटत नाही. वर्षश्राद्धाच्या आत तिची एक वही तयार करा, उशीर नको, कारण तिच्या जावा-नणंदाबी आता ऐंशीच्या घरात असतात.

आधी ती कोणत्या साली कुठं राहत होती ते लावून घ्या. आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतनं सुटताना मिळालेली नोकरीची वही, काढा, मेडलं बघा. "पूर्वी स्टार" नावाचं मेडल असंल तर ते १९७१ च्या लढाईत पूर्वेकडं होते, पश्चिमी स्टार असंल तर पश्चिमेला, आणि फील्डला, म्हणजे सीमेकडच्या पोस्टिंगला, फॅमिली नेता येत नाही म्हणजे तवा ती बहुतेक गावात. जुन्या इनलँड लेटरवर "५६ एपीओ" (आर्मी पोस्ट ऑफिस) दिसंल, त्याच्यावरनं जागा कळत नाही, मुद्दामच तसं असतं, म्हणून तारीख बघा आणि मजकूर वाचा. पीस स्टेशनचे, म्हणजे फॅमिली सोबत ठेवता यायची त्या छावणीतले, क्वार्टर शोधायला सगळ्यात भारी कागद म्हणजे लेकरांच्या टीसी, कोणतं केंद्रीय विद्यालय, कोणत्या साली, सगळं त्याच्यात असतं. पण ओरिजिनल डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा हुकूम) वहीत चिकटवू नका हां, झेरॉक्स लावा, पेन्शनच्या कामाला ते कधी लागंल सांगता येत नाही.

आता वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची ठिगळं जोडून शिवलेली गोधडी. माझ्या मते खरी वही हीच. ज्या घरात तिनं शिवलेली वाकळ आहे तिथं ती ओसरीत पसरा आणि मावशी, आत्या, काकू सगळ्यांला भोवती बसवून एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारा, हे कशाचं? हे सासूच्या लुगड्याचं, हे थोरलीच्या शाळेच्या फ्रॉकचं, आणि मधीच तो जाड हिरवा चौकोन, तो वर्दीचा, कोपराला फाटलेल्या शर्टाचा. कागदावर वाकळीचं चित्र काढून ठिगळांला नंबर द्या, पुढं कुणी काय सांगितलं ते लिहा, दोघींचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, भांडणं लावत बसू नका. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालूच ठेवा, कारण ठिगळावरनं ओव्या निघतात, ओव्यांवरनं रडू निघतं, आणि ते परत कुणी सांगत नाही. फोटो मात्र भर उन्हात नको, सावलीत पसरून गच्चीवरनं सरळ खाली धरून काढा, म्हणजे धावदोरा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर सगळं पुसट होतं.

स्वयंपाकाचं पण घ्या. लातूर-धाराशिवकडची असंल तर येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) तिनं क्वार्टरमधी कशी केली ते नक्की विचारा, भज्जीला ओले तुरीचे दाणे परमुलखात कुठनं आणले, अंबील प्यायला शेजारच्या पंजाबी, तमिळ बायकांला बोलावलं का. माप विचारलं तर सगळे "अंदाजानं" म्हणणार, म्हणून जिला तिच्या हाताखाली जमायला लागलं तिला करायला लावा आणि टाकायच्या आधी वजन करून घ्या. महालक्ष्म्यांची आरास ती कशी करायची, मखराला काय कापड वापरायची, त्याचे फोटो लग्नाच्या अल्बमांच्या मागं सापडतात.

काळ्या पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेन उमटतो. पत्रं लॅमिनेट करायची नाहीत. वाकळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमट धरतात, धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला. तिच्या नाव-नंबर रंगवलेल्या लोखंडी ट्रंकेत ठेवणार असाल तर आतून गंज बघून सुती कापड अंथरा.

आणि वाटणीचं. एक वाकळ अन् चार लेकी असल्या की कुणीतरी म्हणतंच, कापून घेऊ. अजिबात नाही. एका घरी एक वर्ष असं फिरवा, कुणाकडं कधी ते वहीच्या शेवटच्या पानावर सह्या घेऊन लिहा, आणि वहीच्या झेरॉक्स सगळ्यांला द्या, सुनांला पण.