लॉकमध्ये दोर बांधायचा नाही, धरायचा

निवृत्तीनंतर काही महिने फ्रान्सच्या 'कनाल द्यू मिदी'वर बोटीत राहायचं ठरवलंत, तर इंजिनाआधी दोर हाताळायला शिका. 240 किलोमीटरच्या या कालव्यात बोट चढते-उतरते ती लॉकमधून, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या आणि पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणाऱ्या हौदातून, आणि साठीतल्या माणसाचे गुडघे बोलायला लागतात तेही तिथेच.

वर जाताना भिंत डोक्याच्या वर असते आणि शिडी असलीच तर शेवाळाने बुळबुळीत. तिच्या नादी लागू नका. एकाने अलीकडच्या धक्क्यावरच उतरून चालत वर जावं, दुसऱ्याने बोट आत आणून दोर वर फेकावा. वरच्याने तो खुंट्याभोवती फिरवून टोक परत बोटीवर द्यायचं. पाणी आत घुसताना बोट पुढे-मागे हिसके खाते, म्हणून पुढचा दोर सतत ओढून ताठ ठेवायचा.

उतरताना उलट, हळूहळू सोडत राहायचं. गाठ मारलीत तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते! दोर 15 मीटरचा तरी हवा, आणि हातमोजे हवेतच. ओला दोर सरकला की तळवा सोलून निघतो.

इथली बरीचशी लॉक लंबगोल आहेत, मातीचा दाब पेलावा म्हणून सतराव्या शतकात तशी बांधलेली. बोट भिंतीला सरळ टेकत नाही, तेव्हा फेंडर, म्हणजे धक्का झेलायला बोटीच्या कडेला लटकवायच्या गाद्या, जास्तच लावा.

दुपारी लॉकवाले जेवायला जातात. भोंगा वाजवू नका, तेवढ्यात आपल्याही पोळ्या लाटून होतात.