एकच कॉम्प्युटर दोन खोल्यांत वापरताय? या चुका टाळा

मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, भिंती दीड फुटाच्या. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत. पण रात्री वडील तिथंच झोपतात, म्हणून हिशेबाचं काम मागं बसून करायचं ठरवलं. दुसरा मॉनिटर घेतला की झालं, असं वाटलं होतं. कसलं काय!

पहिला गाढवपणा वायरलेस की-बोर्ड-माउसचा. डोंगल, म्हणजे त्यांचा सिग्नल घेणारं छोटं यूएसबी यंत्र, सीपीयूला, मी भिंतीपलीकडं. अक्षरं गळायला लागली. त्यात डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी होता. हे पोर्ट आणि त्यातल्या केबली २.४ गीगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये खरखर आणतात. डोंगलच एक्स्टेन्शन लावून मागच्या खोलीत नेला आणि प्रश्न मिटला.

केबल मोजताना मात्र जवळजवळ सगळेच फसतात. मी टेबल ते टेबल सात मीटर धरले. चौकटीवरून वळवून, कोपऱ्यातून उतरवून निघाले अकरा. यूएसबी २ च्या साध्या केबलची मर्यादा ५ मीटर. दोन-तीन एक्स्टेन्शन जोडली तर माउस कदाचित चालेलही, पण पेनड्राइव्ह लावला की 'डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. तिथं सिग्नलला वाटेत पुन्हा जोर देणारी अ‍ॅक्टिव्ह रिपीटर केबलच लागते.

मॉनिटरला चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलचं वेगळं. चांगल्या केबलीवर दहा मीटरला फुल एचडी बहुतेक वेळा निभावतं. फोर-के ६० हर्ट्झला तीच केबल मधूनच काळा पडदा दाखवते. लगेच मॉनिटर बदलायला पळू नका. आधी रिझोल्यूशन उतरवून बघा. चित्र स्थिर झालं तर संशय केबलवरच घ्या. लांब अंतराला फायबरची एचडीएमआय घेतली तर तिची टोकं ठरलेली असतात, 'सोर्स' सीपीयूकडं आणि 'डिस्प्ले' मॉनिटरकडं. उलटी लावली तर चित्रच येत नाही, आणि तोवर ती पट्टीत ठोकून झालेली असते!

कॅट ६ म्हणजे नेटवर्कची वायर; तिच्यावरून चित्र लांब नेणारा दोन डब्यांचा स्वस्तातला एक्स्टेंडर राउटरमध्ये खुपसू नका. त्यातले बरेचसे फक्त वायर वापरतात, नेटवर्क नाही. दोन डब्यांमध्ये सरळ एकच अखंड वायर हवी. तीही शुद्ध तांब्याची. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. लाइटच्या वायरीच्या पाइपातून तर ती ओढूच नका.

चित्र आलं, पण खिडक्या उघडतात पुढच्याच खोलीत? डिस्प्ले 'एक्सटेंड'वर असतो. विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' करा. मग मागं काय चाललंय ते पुढंही दिसतं, एवढं ध्यानात असू द्या.

मागं लॅपटॉप असेल तर वायरीचा नाद सोडा, नेटवर्कवरून पुढचा कॉम्प्युटर लॅपटॉपवर चालवणारं विंडोजचं रिमोट डेस्कटॉप बरं. पण डेस्कटॉपवर विंडोज होम असेल तर हे आतलं रिमोट डेस्कटॉप त्याला जोडू देत नाही, प्रो लागतं. आणि दोघं एकदम काम करतील ही आशा नको. मागून जोडलं की पुढचा स्क्रीन लॉक होतो. डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला की जोडणीही गेली, ते सेटिंग आधी बंद करा. घराबाहेरून जोडायला म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून जोतिबाला जाणं.

वळवाचा गडगडाट सुरू झाला की मी दोन्हीकडचे प्लग काढतो, नेटची वायरसुद्धा. आणि जुलैत मागच्या भिंतीला ओल येते. गेल्या पावसाळ्यात तिथं लोंबणाऱ्या एचडीएमआयच्या पिना हिरवट पडल्या; आता ते टोक टेबलाच्या पायाला बांधून ठेवलंय, भिंतीपासून हातभर लांब.