जास्वंदीच्या कळ्या गळायच्या, त्याची गोष्ट

गच्चीवरच्या लाल गावठी जास्वंदीला गेल्या उन्हाळ्यात कळ्या भरपूर यायच्या, पण उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळायच्या. पाणी कमी पडतंय असं वाटून मी दोन वेळा घालू लागले. मातीचा चिखल झाला, गळ तशीच. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली!

मग एकदा देठावरून मुंग्यांची रांग जाताना दिसली. शेंडे उलटून पाहिले तर कापसासारखे पांढरे पुंजके. पिठ्या ढेकूण! तो रस शोषतो आणि चिकट गोड द्रव सोडतो. त्या गोडासाठी मुंग्या त्याला जपतात.

फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, कंपोस्टात नाही. बाकीचं झाड पाण्याच्या जोरदार धारेनं धुतलं. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब. साबण नसेल तर तेल नुसतं वर तरंगतं. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही, दर आठवड्याला असं चार वेळा फवारलं. एका फवारणीत काही होत नाही. पाणी आता बोट खुपसून माती कोरडी लागली तरच.

जास्वंद नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे छाटणीचं वाईट वाटणं फार टिकलं नाही. गणपतीत रोज पाच-सहा फुलं घरचीच होती.